फ्रीजच्या वाटणीचा चहा

दवाखान्यातल्या सिस्टर तोंडाने फटकळ, पण मनाने अगदी लोणी. वर्षभरात लसींचा फ्रीज दोनदा गरम झाला, आणि दोन्ही वेळा बाळांच्या लसी फेकताना त्या ढसाढसा रडल्या. आता वरून पत्र आले होते. तिसऱ्यांदा असे झाले तर फ्रीज शहरात हलवणार. मग बाळंतिणींनी काखेत पोर घेऊन दिवसभर पायपीट करायची.

"बॅटऱ्याच भंगार बसवल्यात," हे सिस्टरचे पालुपद. फ्रीज ज्यावर चालायचा त्या छपरावरच्या सोलरचा त्यांनी येईल-जाईल त्याच्यासमोर उद्धार केला होता.

दुरुस्तीला म्हातारा मिस्त्री आला. त्याला सगळे बॅटरीआजोबा म्हणत. आजोबांनी पॅनेल पुसले, बॅटऱ्या तपासल्या, आणि जे बाकावर बसले ते बसलेच. बारा वाजले तरी बूड हलवेनात.

"आजोबा, काम कधी सुरू करणार?"

"चालूच आहे की."

सिस्टर मनात चरफडल्या. तरी दारी आलेल्याला चहा न विचारणे त्यांच्या रक्तातच नव्हते. त्यांनी विजेची किटली भरली आणि नेहमीसारखी फ्रीजशेजारच्या बोर्डात लावली.

आजोबांनी कप रिकामा करून मिशा पुसल्या. "झकास. दिवसातून कितीदा होतो?"

"सात-आठदा. लांबून चालत येतात माणसं, कोरड्या तोंडानं कसं पाठवू?"

"हा चहा फ्रीजच्या वाटणीचा आहे, बाई. ऊन असलं की निभतं. आभाळ आलं की किटली बॅटरी रिकामी करते आणि फ्रीज उपाशी राहतो."

सिस्टरनी किटलीकडे पाहिले. "म्हणजे त्या लसी माझ्यामुळे..."

आजोबा उठले. संध्याकाळपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. फ्रीजला बॅटरीपासून थेट वायर दिली, मध्ये एकही बोर्ड नाही. दिव्यांना आणि लोकांच्या फोन चार्जिंगला वेगळे छोटे पॅनेल. किटलीची रवानगी कपाटात, चहा गॅसवर. एवढे नेटके काम सिस्टरनी आजवर पाहिले नव्हते. त्याहून त्यांना भावले ते हे, की या माणसाने सकाळभर यंत्राआधी माणसे पाहिली होती. जाताना त्यांनी अहवालात 'बिघाडाचे कारण' हा रकाना कोराच ठेवला.

"तो तुम्ही भरा," एवढेच म्हणाले.

पुढे तीन दिवस ऊन दिसले नाही. चौथ्या दिवशी पत्र पाठवणारे साहेब फ्रीज बघायला आले. सिस्टरनी फ्रीजचे दार उघडले. आतले तापमान पाच अंश, अगदी हवा तेवढा. साहेबांनी मान डोलावली आणि अहवाल उघडला. रकान्यात सिस्टरचे अक्षर होते: 'बॅटऱ्या चांगल्या होत्या. किटली मी लावत होते.'

"हे लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"दुसऱ्या दवाखान्यांतही सिस्टर आहेत, साहेब. आल्यागेल्याला त्याही चहा देत असतील."

साहेबांनी अहवाल मिटला. मग त्यांनी बाकीच्या दवाखान्यांसाठी आजोबांचा नंबर मागून घेतला. फ्रीज जागचा हलला नाही. बाहेरच्या बाकावर पाच आया वाट पाहत होत्या. सिस्टरनी पहिल्या बाळाला आत बोलावले.