येळवशीच्या दिवशी रिकामं घर

विजयश्रीनं घराला शहाणं केलंय, असं तिचे अप्पा बसवकल्याणच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचे. शेजारी उभी असलेली विजयश्री "अप्पा, पुरे की आता" म्हणायची खरी, पण अप्पांनी अजून दोघाचौघांना सांगितलं असतं तरी तिची काही हरकत नव्हती.

झालं होतं असं, की घराच्या छतावर सोलरच्या पाट्या बसल्या आणि जिन्याखाली इन्व्हर्टर आणि एक जाडजूड बॅटरी आली. बसवणारी माणसं चार बटणं दाखवून निघून गेली. दहावीतल्या विजयश्रीचं तेवढ्यावर भागेना. तिनं अप्पांचा बिजागरी मोडलेला जुना लॅपटॉप मागून घेतला, एका वायरीनं तो इन्व्हर्टरला जोडला, घर सांभाळणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यात घातलं आणि सबंध दिवाळीची सुट्टी व्हिडिओ बघत, चुकत, पुसत, परत करत घालवली. आणि एका दुपारी पडद्यावर पिवळे ठिपके सरकायला लागले! सूर्याच्या चित्रातून निघायचे आणि बॅटरीच्या चित्रात शिरायचे. ढग आला की रेंगाळायचे, ढग हटला की पळत सुटायचे. विजयश्री अंगणात जाऊन सूर्य बघून आली, पडद्याकडं बघितलं, परत अंगणात गेली. एवढा लांबचा, एवढा मोठा तो, आणि येऊन बसतो कुठं, तर आमच्या जिन्याखाली, चपलांच्या शेजारी!

मग तिनं घराला नियम शिकवले. ऊन चढलं की पाण्याची मोटार लाव. बॅटरी उतरायला लागली की फ्रिज जरा थांबव. आणि तिचा सगळ्यात लाडका नियम असा: घरातले तिन्ही फोन वायफायवरून गेले, की घर रिकामं समज. मग टीव्हीचा प्लग बंद कर आणि इन्व्हर्टरला सांग, बॅटरीतलं वायफाय आणि लॅपटॉप सोडून कुणाला काही द्यायचं नाही, येईल तेवढं ऊन भरून ठेवायचं.

नियम झकास होता. फक्त तो एकदाही चालला नव्हता, कारण घर कधी रिकामंच नसायचं. अप्पा बाजारात, माय शेतात, विजयश्री शाळेत गेली तरी आज्जा श्रीपतराव सोप्यात बाजेवर असायचे, छातीवर फोन ठेवून कन्नड भजनं ऐकत.

मार्गशीर्ष लागला तशी मायनं अंडी उबवायचं मशीन आणलं. टीव्ही आत हलवला आणि त्याच्या जागी, त्याच्याच प्लगवर, मशीन बसलं. शेजारच्या शकुबाई कमरेवर हात ठेवून बघायला आल्या.

"घरात खुडूक कोंबडी असताना अंडी पेटीत ठिवलीस? पेटीला माया असती व्हय गं, ज्योती?"

"लाईट गेली तरी बंद पडत न्हाई ते," माय म्हणाली. "माज्या पोरीनं सांगितलंय."

माय एवढंच बोलली. पण या पिल्लांवर तिनं परसातल्या कोंबड्यांचं सगळं गणित बांधलं होतं. तिचं स्वतःचं असं पहिलंच काम होतं ते, आणि ते तिनं विजयश्रीच्या शब्दावर पेटीत ठेवलं होतं.

पिल्लं फुटायचा दिवस नेमका येळवशीला आला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी या भागात गावात कुणी राहत नाही. म्हातारी माणसं, पाळण्यातली लेकरं, पाहुणे, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, धपाटे खाऊन तिथंच सावलीला आडवं व्हायचं.

"म्या घरीच थांबते," माय सकाळी म्हणाली.

"माय! येळवशीला कुणी घरी थांबतंय का? घर बघतंय की सगळं!"

माय दारातून दोनदा मागं फिरली, मशीनच्या काचेतून बघितलं आणि शेवटी ट्रॅक्टरमध्ये चढली. आज्जा फोन खिशात घालून आधीच बसले होते.

शेतात फोन लागत नाही. लागतो तो फक्त ज्वारी राखायच्या मचाणावर. जेवणं सुरू झाली तेव्हा विजयश्री वरून सगळ्या शिवाराचा फोटो काढायला मायचा फोन घेऊन मचाणावर चढली. टिंग! घराकडून निरोप आला होता.

"घरात कुणी नाही. सगळं बंद केलंय. मजा करा!"

शब्द तिचेच. "मजा करा" लिहिताना ती किती हसली होती! आता तिनं तो निरोप परत वाचला. टीव्हीचा प्लग. टीव्हीचा प्लग म्हणजे मशीन! तिनं मशीनमध्ये तापमान सांगणारी एक चकती ठेवली होती. तिथं साडेसदतीस पाहिजे. पडद्यावर एकतीस दिसत होतं.

तिनं प्लग चालू केला. हिरवा झाला. बघता बघता परत लाल! नियम सारखा येऊन तपासत होता, रिकाम्या घरात प्लग कशाला म्हणून. त्यात गावातली लाईट सकाळपासून गेलेली, आणि बॅटरी भरलेली असून इन्व्हर्टर ती द्यायला तयार नव्हता, कारण तसं त्याला तिनंच बजावलं होतं. नियम पुसायचं पान उघडावं तर फोनवर नुसतं चाक फिरत होतं.

"काय बघायलीस गं एवढं?" खालून मायनं विचारलं. "कामून बोलंनीस?"

खोटं बोलावं असं एक क्षण तिला वाटलं. पण मायच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि ती मान वर करून तिच्याकडं बघत होती.

"माय, मशीन बंद पडलंय. माज्यामुळं. घरात कुणी न्हाई म्हणून घरानं बंद केलं."

मायनं तुकडा ताटात ठेवला. शेजारच्या बांधावरून भज्जीची वाटी घेऊन आलेल्या शकुबाई तिथंच थबकल्या.

"म्या म्हणलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "खुडूक कोंबडी येळवशीला शेतात येती व्हय?"

अप्पा उठले. "ट्रॅक्टर कुठाय?"

ट्रॅक्टर दुसऱ्या घरची माणसं आणायला गेला होता. पायी जायचं तर अर्धी दुपार.

"आज्जा तरी घरी थांबले असते तर!" माय म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले.

आज्जा! विजयश्रीच्या डोक्यात लख्ख झालं. आज्जांचा फोन भजनं वाजवून वाजवून कधी मेला, तर घराला वाटेल आज्जा गेले. म्हणून तिनं पहिल्याच पानावर एक बटण करून ठेवलं होतं: आज्जा घरात. पहिलं पान तर समोर उघडंच होतं. तिनं देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

चाक फिरलं. फिरत राहिलं. तिनं फोन डोक्याच्या वर धरला, मचाणाच्या दांड्यावर पाय ठेवून टाचा उंचावल्या.

टिंग!

"आज्जा आले! सगळं चालू केलंय."

"चालू झालं!" ती इतक्या जोरात ओरडली, की ज्वारीतनं चिमण्यांचा थवा उडाला. "आज्जा, तुमी घरात हाव!"

आज्जांच्या हातात आंबिलीचा तांब्या होता. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "मी हितं बसून आंबील प्यायलाव, अन् घरात बी हाव?"

"व्हय! अंडी राखायलाव!"

"मग घरातल्या मला बी दे की थोडी," आज्जा म्हणाले, आणि मायसुद्धा रडता रडता हसली.

मग सगळे मचाणाखाली गोळा झाले. क्रिकेटची मॅच असावी तसे अप्पा खालून ओरडायचे, "किती झालं?" आणि विजयश्री वरून सांगायची, "बत्तीस!" जरा वेळानं, "तेहेतीस!" शकुबाई भज्जीची वाटी हातात तशीच धरून उभ्या होत्या. आता त्याही विचारायला लागल्या, "चढायलंय का गं? चढायलंय का?"

पडद्यावर पिवळे ठिपके पळत होते. सूर्यातून घरात, घरातून प्लगमध्ये. विजयश्रीनं मान वर केली. सूर्य बरोब्बर डोक्यावर होता. ज्वारीच्या कणसांवर, कोपीवर, पांडवांच्या दगडांवर, आज्जांच्या पटक्यावर तोच पडला होता, आणि तिकडं बंद कुलपाच्या आत, अंधाऱ्या खोलीत, काचेमागच्या अंड्यांनाही तोच ऊब देत होता. त्याला ते माहीतही नसेल. तिला एकदम वाटलं, आपण काय केलंय हे आपल्याला तरी कुठं माहीत आहे?

"सदतीस," ती म्हणाली.

मायनं पदर खोचला. "उतर खाली. चल."

"चालू झालंय की आता, ज्योती," अप्पा म्हणाले.

"ते मला कळलं. पिल्लं जगली का ते पेटी सांगत न्हाई."

त्या दोघी निघाल्या. ओसाड रस्ता, दोन्ही बाजूंनी तूर. माय पुढं, भराभर, आणि विजयश्री तिच्या मागं जवळजवळ पळत. गाव आलं तर गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. माय कुलूप काढेपर्यंत विजयश्री भिंतीला टेकून उभी राहिली.

मशीनचा दिवा लागलेला होता. काचेवर वाफ धरली होती. अंडी होती तशी पडलेली, पांढरी, गप्प. माय खाली बसली आणि तिनं काचेला कान लावला. विजयश्रीनं दुसऱ्या बाजूनं लावला. काहीच नाही. नुसती पंख्याची घरघर.

"माय, मी..."

"गप."

टक.

इतकं बारीक, की भास वाटावा. मग परत, टक, टक. कोपऱ्यातल्या एका अंड्यावर केसाएवढी चीर होती. ती थांबली, जरा वाढली, परत थांबली. त्या चिरेतून एक चोच आली, दाण्याएवढी. मागच्या एका अंड्यातूनही आवाज आला. बाकीची अजून गप्पच होती. त्यांतली किती बोलतील ते कुणाला ठाऊक.

चोच आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. विजयश्रीला राहवेना. तिनं झाकणाकडं हात नेला. एवढंसं टरफल, नखानं काढलं की झालं!

मायनं तिचं मनगट धरलं. "हात लावू नगंस. त्याचं त्याला करू दे."

"त्याला येतंय का पण?"

"येतंय," माय कुजबुजली. "कुणी शिकवलं कुणास ठाऊक. येतंय."

टरफल हललं. आतून कुणीतरी सगळा जीव एकवटून रेटत होतं, दम खात होतं, परत रेटत होतं. टोपी निघावी तसा वरचा भाग निघाला आणि एक ओलं, कुरूप, थरथरतं पिल्लू दिव्याच्या पिवळ्या उजेडात उताणं पडलं. त्यानं पाय झाडले. चोच उघडली. चिव केलं.

विजयश्री काचेला नाक लावून बघत राहिली. मायनं तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.