चहाखालची जागा

मी एक जुना थर्मास आहे. रंग पोपटी, खांद्याला अडकवायला पट्टा आणि पोटात खोट. मित्रांनो, माझे भाऊबंद आपली गोष्ट सांगू लागले, की सहलींच्या आणि आजाऱ्यांच्या सेवेच्या आठवणी काढतात. मान वर करून सांगावं असं माझ्याकडे फारसं नाही. तरी सांगतो, कारण गप्प बसण्याची सवयच आमच्या घराला नडली.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी सरळ होतो. बाहेर पत्रा, आत चकचकीत काच, तोंडाला बूच. मला विकत घेणारे माझे धनी बोटीवर खलाशी होते. त्यांनी माझी लांब काच काढून आखूड बसवली आणि तळाला फिरवून उघडणारं झाकण केलं. वर चहा, खाली मोकळी जागा. त्या जागेतून कधी घड्याळं गेली, कधी सोन्याची बिस्किटं.

बंदराच्या फाटकावर साहेब विचारायचे, "काय आहे रे त्यात?"

"चहा, साहेब. घ्या ना घोटभर!" असं म्हणत धनी बूच काढायचे. आतून खरीखुरी वाफ यायची, साहेब खराखुरा चहा प्यायचे आणि खूश होऊन आम्हाला सोडायचे. ज्याचा चहा प्यायला त्याचा तळ कोण उघडून बघणार? बाहेर आल्यावर धनी माझ्या पाठीवर थाप मारायचे. तेव्हा मी फुशारून जायचो. आज ती थाप आठवली, की तोंड कुठे लपवू असं होतं.

मग धन्यांना मुलगी झाली. ती चालायला लागली तेव्हा तिच्या आईने एकदाच सांगितलं, "आता पुरे. पोरीला मान खाली घालायला लावू नका." धन्यांनी ऐकलं. मी माळ्यावर गेलो. धूळ खाल्ली, पण ती कमाई तरी प्रामाणिक होती.

आई गेली. मुलगी मोठी झाली आणि एक दिवस तिने मला खाली काढलं. "बाबा, एवढा चांगला थर्मास पडून का आहे?" "जुना झालाय," म्हणत धनी बाहेर निघून गेले. तिने मला घासूनपुसून लख्ख केलं आणि बंदरात चहा विकू लागली.

ती माझी खरी वर्षं. माल उतरवणारे हमाल माझी वाट पाहायचे. काम संपलं, की ती मला गरम पाण्याने विसळायची आणि बूच न लावता उपडा ठेवायची. "तोंड बंद ठेवलं की आत कुबट वास धरतो," असं ती शेजारणीला सांगायची. मला तिने इतकं ओळखलं होतं, की नुसतं उचलून ती आत किती कप उरलेत ते बिनचूक सांगत असे. मी तर माझा तळ विसरूनच गेलो होतो.

बगळा मात्र विसरला नव्हता. बगळा म्हणजे धन्यांचा जुना जोडीदार. नेहमी पांढरेशुभ्र कपडे, आणि सावज दिसेपर्यंत चुळबूळही नाही. मुलगी बाजारात गेली असताना तो घरी आला.

"एकदाच. या वेळी माल आत, बोटीवर पोचवायचाय. तुझ्या पोरीला फाटकावर कुणी तपासत नाही. बोटीवरचा आचारी थर्मास पुन्हा भरून देताना माल काढून घेईल. तिला कळणारसुद्धा नाही."

"मी सोडलंय ते सगळं. ऊठ, चालता हो."

"जातो की! जाता जाता पोरीला सांगू का, ती कशाच्या पैशावर वाढली ते?"

दाराकडे दाखवलेला हात धन्यांनी खाली घेतला. मुलीच्या नजरेतून उतरायची त्यांना तुरुंगापेक्षाही जास्त भीती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं आधण उकळत होतं, तेव्हा त्यांनी बिस्किटं फडक्यात घट्ट गुंडाळून माझ्या तळाशी बसवली. आवाज होऊ नये याची त्यांनी सगळी काळजी घेतली. वजनाचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी मला वर्षानुवर्षं वाहिलं होतं, पण माझ्यातला चहा कधी विकला नव्हता.

मुलीने मला भरून खांद्याला लावलं; भरलेला थर्मास जडच असतो, म्हणून तिला काही जाणवलं नाही. मला ओरडावंसं वाटलं. थर्मासला कुठला आलाय आवाज!

फाटकावर तिने हवालदारकाकांना चहा दिला, तपासणीच्या लोकांना दिला. नवे साहेब आले. तिने मला उचलून पाहिलं. "आहे साहेब, अजून एक कप नक्की आहे." मला वाकवलं, तर चार थेंब पडले. तिने पुन्हा उचललं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "असं कसं? जड तर लागतोय."

"बघू इकडे," साहेब म्हणाले. तिने मला बिनधास्त त्यांच्या हातात दिलं. "बघा ना साहेब. बाबांचाच आहे, जुना."

साहेबांनी तळ फिरवला. फडकं खाली पडलं.

माल आत जातो की नाही ते बघायला समोरच्या बाकावर धनी आणि बगळा बसले होते. धनी उठू लागले, तसा बगळ्याने त्यांचा हात धरला. "खाली बस. तिला काही ठाऊक नाही, सुटेल ती." आणि मित्रांनो, धनी बसले. फार वेळ नाही. पण मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते बसलेले होते.

मग त्यांनी हात हिसडला आणि धावत आले. "साहेब, माल माझा आहे. तळही मीच केलाय. तिला सोडा." बाकाकडे बोट दाखवत ते म्हणाले, "आणि त्यालाही धरा." मग मुलीपुढे हात जोडून म्हणाले, "तो तुला माझं सगळं सांगेन म्हणाला गं. म्हणून..."

"काय सांगणार होता?" तिचा आवाज अगदी हळू होता. "आईने जाण्याआधी सगळं सांगितलं होतं मला. तुम्ही काय करायचात ते माहीत होतं, बाबा. माझ्या खांद्यावर द्याल, हे माहीत नव्हतं."

आता मी सरकारी खोलीत एका फळीवर आहे. गळ्यात चिठ्ठी आहे, बूच घट्ट बसलेलं आहे आणि त्या दिवसाचे थेंब आत आंबले आहेत. परवा तिला माझी ओळख पटवायला बोलावलं होतं. तिने मला उचललं. सवयीने अंदाज घेतला आणि तिचा हात थबकला. नेता आलं असतं तरी तिने मला नेलं नसतं, हे त्या हातावरून कळलं. पण जाताना तिने कारकुनाला विचारून माझं बूच काढलं आणि शेजारी ठेवलं.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, आम्हाला विसळा, वाळवा. पण त्याहून मोठी विनवणी ही, की कुणाच्या खांद्यावर काही द्याल तर आधी त्याला सांगा, आत काय आहे ते. कदाचित त्याला ते ठाऊक असेल, आणि तो तुमच्या सांगण्याचीच वाट बघत असेल.