चार तोंडांच्या अक्षता

शरद वकिलाने कोर्टातून लोकांच्या पुष्कळ गाड्या सोडवून आणल्या, पण त्याचा स्वतःचा जीव अडकला होता एका इटालियन मोटारसायकलमध्ये. बेनेली, चार सिलिंडरची, पन्नास वर्षांपूर्वीची. गोव्यात एका गोठ्यात गंजत पडलेली ती त्याने वडगावच्या घरी आणली, स्क्रू न् स्क्रू सोडवला, इटलीहून व्हॉल्व्ह मागवले आणि बायकोची बोलणी खाल्ली. आज खंडेनवमीला इंजीन पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं. बायको वसुधा पूजेआधीच कार घेऊन सांबऱ्याच्या विमानतळावर गेली होती. घरात तो आणि बोरगावहून सणाला आलेली थोरली बहीण बायाक्का.

आंघोळ करून तो पडवीत आला तेव्हा आक्काची पूजा उरकली होती. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकू. शरद खूश झाला. त्याने पेट्रोलचा कॉक उघडला, बटणाकडे अंगठा नेला आणि थांबला. हवेची जाळी अजून बसवायची होती, त्यामुळे कार्बोरेटरांची चारी तोंडं उघडी होती. एका तोंडाशी पिवळा तांदूळ चिकटला होता.

"आक्का, अक्षता कुठं टाकल्यास?"

"चारी तोंडात, चिमूट चिमूट. कापडाच्या मागाच्या पूजेला टाकतोय तशाच. एकाला दिऊन दुसऱ्याला उपाशी ठिवायचं व्हय?"

चारांतला एखादा व्हॉल्व्ह उघडा असणारच. तिथून दाणे थेट सिलिंडरमध्ये. इंजीन फिरताना एखादा दाणा अडकला, तर व्हॉल्व्ह वाकणार आणि दुसरा मिळणार नाही. इटलीतल्या ज्या म्हाताऱ्याने हे दिले, त्याने दुकानच बंद केलं होतं.

"कळत न्हाय तर हात कशाला लावतीस? अडाणी ती अडाणीच."

आक्काने पूजेचं तबक उचललं आणि ती आत गेली. हिनेच माग चालवून आपल्याला वकील केलं, हे त्याला त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण राग वरचढ होता.

त्याने कार्बोरेटर उतरवले, चिमट्याने दाणे वेचले, प्लग काढून सिलिंडरमध्ये व्हॅक्युमची नळी घातली. घामाने डोळे चुरचुरत होते. दाणे आले. सगळे आले का? खात्री करायची तर हेड उघडायचं, म्हणजे नवं पॅकिंग मागवायचं, म्हणजे पुन्हा वर्ष गेलं. सगळं परत बसवून त्याने हाक मारली.

"आक्का!"

खुंटीवर तिची पिशवी नव्हती. स्वयंपाकघरात त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. सणाच्या दिवशी बाई न जेवता गेली होती.

तो बाहेर धावला. गल्लीतल्या रिक्षा हार घालून उभ्या होत्या. पूजा झालेली गाडी आज इथं कुणी हलवत नाही. पायी गेला तर तो नाक्यावर पोचेपर्यंत आक्काची निपाणीकडची बस सुटणार होती.

शरदने बटण दाबलं.

धुराच्या चारी नळ्या एकदम गरजल्या. या आवाजासाठी तो किती वर्षं थांबला होता, पण आता त्याचं लक्ष नव्हतं. कोपरा वळेपर्यंत आतून टक टक सुरू झाली. कोणता सिलिंडर, तेही त्याला कळलं. तिथंच बंद केली असती तर कदाचित वाचली असती. त्याने गाडी तशीच दामटली.

नाक्यावर आक्का बाकड्यावर बसली होती. त्याने इंजीन बंद केलं.

"साफ झालं व्हय रं?" तिने विचारलं.

"न्हाय झालं."

"मग चालू कशाला केलास?"

"तुझी बस आली असती गं."

आक्काने पिशवी मांडीवर घेतली आणि त्याला बसायला जागा केली.