डुक्कर बांधतात तसं

त्याने डावा हात नारळ फोडायच्या ठोकळ्यावर ठेवला, दोन काळी बोटं बाकीच्यांपासून अलग केली आणि मान दुसरीकडे वळवली.

"घाल," तो बायकोला म्हणाला. "मुळापासून. अर्धवट ठेवू नकोस."

तिच्या हातात कोयता होता. धार नीट लाव असं त्यानेच सकाळी बजावलं होतं, म्हणून तिने तो दगडावर चांगला घासून आणला होता. ओट्यावर त्याची विधवा आत्या कंद सोलत बसली होती. आत्याला ऐकायला कमी यायचं, पण दिसायचं मात्र सगळं. तिने सोलणं थांबवलं नाही, बसल्या जागी जरा वळली एवढंच.

"हात हलवू नका," बायको म्हणाली.

"माझ्या हाताचं मी बघतो. तू तुझं काम कर."

बाहेरचे लोक त्याला राजे म्हणत. फाटकाच्या आत त्याचंच राज्य होतं: भाताचे दोन तुकडे, कंद, केळी, नारळ, डुकरं, कोंबड्या आणि एक बैल. तेल घरच्या घाण्याचं, दोर घरच्या काथ्याचे, साबणसुद्धा घरच्या राखेचा, अंग सोलवटून काढणारा. मीठ आणि लोखंड सोडलं तर बाहेरची वस्तू आत यायची नाही आणि आतलं माणूस बाहेर जायचं नाही. लोक राजे म्हणत ते चेष्टेने, पण त्याला ते आवडायचं. तिला कधी कोणी राणी म्हटलं नाही.

या राजाच्याने एक गोष्ट मात्र होत नसे. कोंबडी कापायची वेळ आली की त्याला कुंपणाची कामं आठवत. डुक्कर मारायच्या दिवशी तर तो पार टोकाच्या केळीत जाऊन बसे आणि मांस चुलीवर चढलं की परत येई. जेवताना पुन्हा वाढून घ्यायला लाजत नसे. मारायचं काम लग्न झाल्यापासून तिच्याकडे होतं. पहिल्या वर्षी ती रडली. मग रडण्यात नुसता वेळ जातो हे तिच्या लक्षात आलं. आता ती डुकराच्या तोंडावर पोतं घालायची, पाय आवळायची आणि एका घावात काम उरकून हात धुवायची. पोतं घातलं की जनावर बरंचसं गप्प होतं.

बोटांचं निमित्त क्षुल्लक होतं. गवत कापताना विळा लागला. त्याने जखमेत चुना भरला, मग पाला ठेचून बांधला, मग कडकडीत तेल ओतून पाहिलं. बोटं सुजली, निळी झाली, काळी पडली. घरभर वास सुटला. काल जेवण वाढताना ती एवढंच म्हणाली होती की पूल ओलांडला की दवाखाना आहे, गाडीने संध्याकाळच्या आत पोचू. त्याने ताट भिंतीवर भिरकावलं. भात कुत्र्याने खाल्ला. आणि रात्रभर कण्हून त्याने सकाळी उपाय शोधून काढला: बोटंच तोडायची. कोयता घरचा, तोडणारी घरची.

ती वाकून त्याच्या हाताकडे बघत होती. मनगटाच्या आतल्या बाजूने एक लाल रेघ निघाली होती. काल ती मनगटाशीच होती. आज कोपरापर्यंत आली होती.

ही रेघ तिला माहीत होती. मुलीच्या पायावर तिने ती पाहिली होती. सात वर्षांची पोर, कुंपणाची गंजकी तार पायात घुसली. रेघ घोट्यापासून गुडघ्याकडे निघाली, गुडघ्यापासून मांडीकडे, आणि हा आपला पाला बांधत राहिला. शेवटी तिने पोरीला खांद्यावर टाकून फाटक गाठलं, तेव्हा त्याने फाटकाचा अडसर उचलून तिच्या पाठीत घातला. ती पोरीसकट चिखलात पडली. "माझं लेकरू मी परक्यांच्या हातात देणार नाही!" असं तो ओरडत होता, आणि ओरडता ओरडता रडत होता. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. त्याला चार वर्षं झाली होती. तिचा राग अजून होता तसाच होता. तो तिच्याबरोबर उठायचा, तिच्याबरोबर भात कांडायचा आणि तिच्याबरोबर झोपायचा.

"बघत काय बसलीस? घाल ना!"

बोटं तोडून काही होणार नाही, हे तिला दिसत होतं. आणि बोटंच तोडली तर काय होईल, हेही दिसत होतं. कोयता मारायचा, पाला बांधायचा, त्याच्याच हुकमाप्रमाणे. दोन-तीन दिवसांत सगळं आटोपलं असतं. फाटक उघडं राहिलं असतं. तिला कोणी बोलही लावला नसता. हा विचार तिने घाईने झटकून टाकला नाही. पुरता करून मगच बाजूला ठेवला.

"तुम्हाला रक्त बघवत नाही," ती म्हणाली. "तोंडावर पोतं घालते."

त्याने ठोकळ्यावरचा हात न उचलता मान खाली घातली.

"घाल," मग म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता.

तिने पोतं आणलं, त्याच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत ओढलं. मग दोर घेऊन त्याच्या घोट्यांना वेढे दिले.

"पाय कशाला?"

"लाथ माराल. घाव भलतीकडे बसेल."

हे त्याला पटलं. तिने गाठ मारली, कोयता भिंतीपलीकडे टाकून दिला आणि त्याचा उजवा हात धरून पाठीमागे वळवला.

"उजवा कशाला?" तो म्हणाला. आणि पुढच्या क्षणी त्याला समजलं.

त्याने डोकं मागे झटकलं ते थेट तिच्या तोंडावर बसलं. ओठ फुटला. ती सावरायच्या आत त्याने बांधलेले दोन्ही पाय एकदम झाडले आणि ती ठोकळ्यावर जाऊन आदळली. ठोकळ्याची कड बरगडीत घुसली, श्वासच घेता येईना. तो जमिनीवर पडला होता, गुरासारखा हंबरत घराकडे सरपटत होता. ती तशीच उठली, त्याच्या पाठीवर पडली आणि मानेवर गुडघा दिला. त्याने पोत्यातून तिच्या हाताला कचकन चावा घेतला. तिने मोकळ्या मुठीने त्याच्या कानशिलावर एक ठेवून दिली, मग आणखी एक. दुसरीची गरज नव्हती. तिसरी तर मुळीच नव्हती, पण तीही दिली.

तोवर आत्या मुसळ घेऊन शेजारी येऊन उभी राहिली होती.

"मारतेस की नेतेस?" आत्याने विचारलं.

"नेते!" ती तिच्या कानाशी ओरडली.

"मग मी पायांवर बसते," आत्या म्हणाली, आणि मुसळ खाली ठेवून बसली.

उजवा हात पाठीशी बांधून झाला. डुक्कर ज्या फळीवरून गाडीत चढवत, त्याच फळीवरून दोघींनी त्याला ओढत वर घेतलं. फळीच्या कडेने त्याची पाठ खरवडली, गुडघा सोलला गेला. डाव्या हाताला मात्र तिने धक्का लागू दिला नाही. तो तिने केळीच्या पानांवर अलगद, अंडं ठेवावं तसा उंचावर ठेवला.

"जीव घेईन तुझा!" तो पोत्यातून किंचाळत होता. "फाटकाबाहेर गेलीस तर चामडी सोलीन!"

"हात बरा झाला की सोला," ती म्हणाली.

तिने बैल जुंपला, आत्याने फाटक उघडलं. बैल फाटकापर्यंत सरळ गेला, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब रे!"

बैल जागीच थांबला. लहानपणापासून तो याच एका आवाजाने चालला आणि याच आवाजाने थांबला होता. तिने त्याला चुचकारलं, कासरा ओढला, शिव्या घातल्या. "थांब!" पुन्हा पोत्यातून आलं, आणि बैलाने पाय रोवले. त्या जनावराला तिने आजवर बोटही लावलं नव्हतं. तिने काठी उचलली आणि घालत सुटली, पाठीवर, कुल्ल्यांवर, पुन्हा पाठीवर, कातडीवर वळ उठून फुटेपर्यंत. काठी घालताना ती मोठमोठ्याने रडत होती आणि ते तिला कळतही नव्हतं. अखेर बैल डोळे पांढरे करत रस्त्यावर आला. दहा पावलं चालायचा, थांबायचा, मागे बघायचा. प्रत्येक वेळी काठी.

चढ संपला तशी गाडीत शांतता झाली. तिने वळून पाहिलं. पोतं हलत होतं, म्हणजे श्वास चालू होता. लाल रेघ दंडावर चढली होती.

"ऐकतेस का?" तो म्हणाला.

"हं."

"तेव्हा का नाही बांधलंस मला?"

तेव्हा म्हणजे कधी, हे तिने विचारलं नाही. तोंडात साठलेलं रक्त तिने रस्त्याकडेला थुंकलं. बैल पुन्हा थांबला होता, आणि या वेळी तिच्या हातून काठी उचलली गेली नाही.

"तेव्हा मला वाटायचं, तुम्हाला कळतं," ती म्हणाली.

समोरून सायकलवरून एक माणूस आला, बांधलेला देह आणि तिचं तोंड बघून सायकलवरून उतरला, आणि काही न विचारता बाजूला उभा राहिला. ती तशीच कासरा धरून बसून होती.

मग पोत्यातून आवाज आला, फुटका आणि ओला, पण बैलाला ओळखू येण्याइतका.

"चल रे," तो म्हणाला. "चल. पळ."