सायलस टिल्मनचं नाव

सोमवारी टॅबिथाचं अंगण ओल्या चादरींनी भरून जाई. ओहायोतल्या आमच्या कॉर्विन गावातल्या बड्या घरांचं धुणं तीच धूत असे. त्या सोमवारी चर्चच्या कारभाऱ्यांची बायको, हॉलिसबाई, चादरी बाजूला सारत थेट तिच्या स्वयंपाकघरात आली. धुण्याचं गाठोडं नोकराकरवी पाठवणारी बाई स्वतः आली म्हणजे काम मोठंच असणार.

"टॅबिथा, कॅप्टन रॅथबर्नचा कोट अजून तुझ्याकडेच आहे ना गं? चर्चमध्ये त्यांच्या नावाची शिळा बसवतोय. कोट काचेच्या पेटीत ठेवू."

गुलामांना सोडवायला बंदूक घेऊन दक्षिणेत उतरलेला कॅप्टन निघायच्या आदल्या दिवशी याच टेबलावर मक्याची भाकर खाऊन गेला होता. फाटला म्हणून कोट शिवायला टाकला, तो न्यायला परत आलाच नाही. टॅबिथाचा नवरा सायलसही त्याच्याबरोबर गेला, नि त्याच्याबरोबरच फासावर चढला. त्याचं प्रेत कुठल्याशा वैद्यकीय शाळेत चिरफाडीला दिलं. बिचारीला रडायला कबरसुद्धा मिळाली नाही.

"शिळेवर माझ्या नवऱ्याचं नाव येईल?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय! त्याला कसं विसरू?"

तिनं कोट काढला, इस्त्री केली आणि देऊन टाकला. नणंद डॉर्कस संध्याकाळी चिडली. "वहिनी, तुम्ही पण ना! त्यांच्या गोड बोलण्याला भुललात."

"अगं, कुठंतरी त्याचं नाव असू दे. निदान हात फिरवायला तरी जागा होईल."

समारंभाच्या रविवारी दोघी आपल्या ठरलेल्या जागी, वरच्या माडीवर बसल्या. त्यानंतर उत्तर-दक्षिणेचं युद्ध झालं, गुलामी कायद्यानं गेली, पण काळ्या माणसांनी माडीवर बसायचं हा आमच्या चर्चचा रिवाज काही गेला नव्हता. त्यात कुणाला काही गैर वाटतही नव्हतं, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

पाद्रीबुवांनी पडदा सारला आणि शिळा मोठ्यानं वाचली. आधी कॅप्टन, मग त्याच्या गोऱ्या साथीदारांची नावं, आणि शेवटी, "तसेच त्यांचा एक इमानी नोकर."

टॅबिथाला आधी कळलंच नाही. मग कळलं, हा नोकर म्हणजे सायलस. सायलस लोहार होता. जन्मात कधी कुणाचा नोकर नव्हता. गुलामी मोडायला जीव दिला, आणि चांगल्या माणसांनी त्याला दगडात नोकर करून ठेवलं.

ती उठली. डॉर्कसनं तिचा पदर धरावा तशी शाल धरली. "वहिनी, बसा. पाया पडते तुमच्या."

शाल डॉर्कसच्या हातात राहिली. टॅबिथा जिना उतरून खाली आली आणि पहिल्या बाकावर, हॉलिसबाईच्या शेजारी बसली. हॉलिसबाई उठली. तिच्यामागोमाग सगळा बाक रिकामा झाला, मग मागचाही. माडीवरून कुणी खाली उतरलं नाही. टॅबिथानं एकदा वर पाहिलं. डॉर्कस तोंड झाकून रडत होती.

कारभारी हॉलिस जवळ आले, हळूच म्हणाले, "टॅबिथा, तमाशा नको. कोट परत हवा तर घेऊन जा."

"कोट ठेवा तुम्ही. मेलेल्या माणसाचा कोट सांभाळणं सोपं आहे, साहेब. माझ्या नवऱ्याला सायलस टिल्मन म्हणायचे. पाद्रीबुवा, तेवढं वाचा, मग मी जाते."

पाद्रीबुवांनी शिळेकडे पाहिलं, बायबल मिटलं आणि प्रार्थना तिथंच आटोपली. लोक निघून गेले. ती बसून राहिली.

पुढच्या रविवारीही ती त्याच बाकावर येऊन बसली. आजूबाजूला कुणीच बसलं नाही. त्या दिवशी शिळेवरची नावं कुणी वाचणार नव्हतं, तरी प्रार्थना संपल्यावर ती उभी राहिली, नवऱ्याचं नाव स्पष्ट आवाजात घेतलं आणि पुन्हा खाली बसली. आमच्यापैकी कुणीही "आमेन" म्हटलं नाही.