माझ्या गळ्यावरचे पहिले नाव

मी एक जुना कापडी पुतळा आहे. मला डोके नाही, हात नाहीत, पायांच्या जागी एक लोखंडी दांडा आहे. तरी एके काळी अर्धी अमेरिका माझ्यावर भाळली होती, असे म्हटले तर ते अगदीच खोटे नव्हे. मित्रांनो, पडद्यावर कॉरिन थेअरच्या अंगावर जो झगा झळके, तो आधी माझ्या अंगावर चढलेला असे.

कागदाचा लगदा, खळ आणि जाडेभरडे कापड यांतून माझा जन्म झाला. हॉलिवूडच्या ज्या स्टुडिओत मी आलो, तिथल्या कपडेखात्यात आम्ही साठ-सत्तर भावंडे रांगेत उभी होतो. तिथली रीतच अशी, की प्रत्येक नटीचा एक पुतळा. नटीला तासन्‌तास उभे करून टाचण्या कोण टोचणार? म्हणून पुतळ्याच्या कापडाखाली कापसाच्या पट्ट्या भरून तो हुबेहूब तिच्या मापाचा करायचा आणि गळ्यावर शाईने तिचे नाव लिहायचे. नटी सुटली की पट्टी वाढे, वाळली की निघे. पुतळा खोटा तर झगा खोटा, हे त्या खात्याचे वेदवाक्य होते.

माझ्या गळ्यावर पहिले नाव पडले ते कॉरिन थेअरचे. खरे तर ते नावही उसनेच. ती डाकोटातल्या गव्हाच्या शेतावरची हुल्डा ब्रेक्के. स्टुडिओने तिचे नाव बदलले, भुवया बदलल्या, चालसुद्धा बदलली. तिला हुल्डा म्हणणारे एकच माणूस तिथे उरले होते, ते म्हणजे माझी शिंपीण विनी प्रुइट. विनीच्या गळ्यात कायम टेप, मनगटावर टाचण्यांची गादी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"हुल्डे, श्वास सोड गं. बेडकासारखी काय फुगून राहिलीस?"

"सोडला तर तुझा झगा फाटेल, बाई!"

"फाटू दे. झगा दुसरा शिवता येतो."

पहिली दोन वर्षे हुल्डा पडद्यावर सिगारेटी विकणारी पोरगी असे, नाहीतर नायिकेची मैत्रीण. वाक्ये दोन, तीही दारातूनच. मग एका चित्रपटात तिने दवाखान्याच्या पायरीवर बसून नुसता एक मोजा रफू केला आणि थिएटरात बायका हुंदके देऊ लागल्या. त्यानंतर मला उसंत मिळाली नाही. आज नर्तकी, उद्या विधवा, परवा बंदरातली हेर. तिच्या एका फुगीर बाहीची नक्कल तर देशभरच्या मुलींनी केली. त्या बाहीपायी विनीने सात वेळा माझा खांदा उसवला होता. कौतुकाची पत्रे सगळी हुल्डाला आली. मला हेवा वाटला नाही. खोटे कशाला बोलू, थोडा वाटला.

नऊ वर्षांनी तिला हवी होती ती भूमिका मिळाली. कधीही न हसणाऱ्या एका राणीची. त्या राणीला सतरा झगे होते. चित्रीकरण निम्म्यावर आले असताना एका सोमवारी, सगळे जेवायला गेलेले पाहून, हुल्डा आमच्याकडे आली आणि तिने दार लावून घेतले.

"विनी, मला दिवस गेलेत."

विनीच्या ओठांतल्या टाचण्या खाली सांडल्या. नेपथ्याच्या सुतारखान्यातल्या टॉमशी हुल्डाने गुपचूप लग्न केले होते, हे फक्त विनीला ठाऊक होते. करारानुसार लग्नालाच स्टुडिओची परवानगी लागे, मग मुलाचे नावच नको. कुणाला कळले असते तर राणीची भूमिका त्याच दिवशी गेली असती.

"पाच आठवडे उरलेत," हुल्डा म्हणाली. "तेवढे मला झाकून ने. मग खुशाल हाकलू देत. पण माझं माप कागदावर लिहू नकोस. मापाच्या कार्डावर जानेवारीचंच राहू दे."

"नाही लिहीत. पण पुतळ्याला पोट आलं नाही, तर तुझं झाकायचं कसं? त्याला मी खोटं बोलायला नाही लावणार हं."

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"हुल्डे, सांगितलं तर जीभ झडेल माझी."

मित्रांनो, चूक झाली ती तिथे, आणि तीही आम्हा कपडेखात्यातल्यांनाच जमेल अशी. कागद जुनाच ठेवला आणि खरे माप माझ्या पोटात शिवले. दर सोमवारी विनी माझे कापड उसवी, चंद्रकोरीच्या आकाराची एक पातळ पट्टी आत बसवी आणि वरून हलकेच थोपटी. राणीच्या झग्यांना चुण्या वाढल्या, तिच्या हातात मोठा पंखा आला. पडद्यावर काही म्हणता काही दिसत नव्हते. मला मात्र ते बाळ आठवड्या-आठवड्याने वाढताना कळत होते. एवढा अभिमान मला त्या बाहीचाही नव्हता.

तीन आठवडे असे गेले. मग एके दिवशी निर्मितीप्रमुख क्विगसाहेब खात्यात आले. मुख्य कटरची, म्हणजे कपडे बेतणाऱ्यांच्या प्रमुखाची, जागा तेव्हा रिकामी होती आणि विनी अकरा वर्षे तिच्यावर डोळे लावून बसली होती.

"मिसेस प्रुइट, कॉरिनबद्दल काहीबाही कानावर येतंय."

"मी शब्द दिलाय, साहेब. मी तोंड उघडणार नाही."

"नका उघडू. मुख्य कटर तोंडाची घट्टच हवी." साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. "तिचा पुतळा तो हाच ना?"

विनीने गळ्यातली टेप काढली, माझ्या खांद्यावर ठेवली आणि इस्त्री तापली का ते पाहायला पलीकडे गेली.

मला पाय असते तर मी पळालो असतो. हात असते तर पोट झाकले असते. साहेबांनी कार्ड काढले. त्यावर चोवीस इंच. माझ्या कमरेला टेप गुंडाळली. अठ्ठावीस. साहेब ती टेप पुन्हा माझ्या खांद्यावर टाकून शीळ घालत निघून गेले. विनी परत आली, पण ती टेप उचलण्याचा तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी राणी बदलली. एकोणीस वर्षांची एक पोर आली. दुपारी हुल्डा आमच्याकडे आली, चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला.

"विनी, तू सांगितलंस?"

"आईची शपथ, मी एक अक्षर बोलले नाही."

ते खरेच होते. हुल्डाने विनीच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिले आणि मग माझ्या खांद्याकडे.

"ती टेप तर तू जेवतानाही काढत नाहीस," ती हळूच म्हणाली.

विनी टेबलावरचे कापड उगाचच सारखे करत राहिली. "मिस थेअर, मला पुढची ट्रायल आहे."

त्या एका हाकेने हुल्डाला सगळे कळले. ती ओरडली नाही, रडली नाही. जाताना तिने माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत विनीच्या शेजारी मीही उभा होतो. मित्रांनो, विश्वासघात माझाही झाला होता. ज्या हातांनी मला थोपटले, त्यांनीच मला साक्षीला उभे केले. पण ते सांगणार कसे?

त्याच आठवड्यात माझ्या गळ्यावरच्या नावावर रेघ ओढली गेली आणि वर त्या नव्या पोरीचे नाव आले. विनीने माझ्या पोटातल्या पट्ट्या उपसून काढल्या. एक मात्र आतल्या अस्तराखाली राहिली. विसरली की मुद्दाम ठेवली, ते मला आजही कळलेले नाही. नव्या राणीचे झगे पोटावर नेहमी किंचित सैल व्हायचे आणि विनी चरफडत ते आत घ्यायची. पुढे ती मुख्य कटर झाली. "मी कधी कुणाचं गुपित फोडलं नाही," असे ती निवृत्त होईपर्यंत सांगत असे.

हुल्डाला नंतर भूमिका मिळाल्या त्या घरमालकिणीच्या, फटकळ मावशीच्या. त्यांचे कपडे तयारच येत. तिचे माप पुन्हा कुणी घेतले नाही. मीही कोठारात गेलो. गळ्यावर एकावर एक पाच नावे जमली, मग तीही कुणी वाचीना. उंदरांनी डावी बाजू कुरतडली.

स्टुडिओ मोडीत निघाला तेव्हा आमचा लिलाव मांडला गेला. तिथे एक पिकल्या केसांची बाई आणि तिची तिशीतली लेक आली. बाई माझ्यासमोर थांबली. चार नावांखालचे पाचवे तिने बोटाने शोधून काढले. मग तिचा हात माझ्या पोटावर आला आणि तिथेच थबकला. तिने पर्समधून नखे कापायची कात्री काढली, शिवण उसवली आणि आतली ती पिवळी पडलेली चंद्रकोर ओढून घेतली.

"हे काय गं, आई?"

"तू. साडेचार महिन्यांची."

लेकीने ती पट्टी दोन्ही हातांत धरली. मग ती म्हणाली, "पुतळा पण घेऊया ना, आई?"

"नको," हुल्डा म्हणाली. "त्याला राहू दे इथेच."

तिने तेवढे माझ्याकडून नेले आणि मला तिथेच ठेवले.

मित्रांनो, मला पुसा, सांभाळा, असे मी म्हणणार नाही. माझे वय झाले. एवढेच सांगतो, की कुणी तुमच्या भरवशावर काही ठेवले, तर तोंडाबरोबर हातही आवरा. आणि कधी मी एखाद्या दुकानात दिसलो, तर माझ्या पोटाला एक खळगा दिसेल. कीव येऊन तो भरू नका. ते माप माझे नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांनी ते नेले आहे.