हल्ली मुक्काम आनंदनगर

आनंदनगरच्या समाजमंदिरात सकाळपासून विजयमालाबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. भिंतीवर पांढरी चादर ताणून झाली, प्रोजेक्टर लागला, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीत उशी टाकून बापूजींना बसवलं.

बापूजी म्हणजे चिखलमोह्याचे शेवटचे पोलीस पाटील. धरणाच्या पाण्यात गेलेल्या त्या गावात कोणाचं घर कुठे होतं, कोणाचा गोठा कोणत्या तोंडाचा होता, हे धड सांगणारे आता तेवढेच उरले होते. गाव उठून इथे आनंदनगरला आलं तेव्हा विजयमालाबाई परकरात होत्या. त्यांना मारुतीमागची बोर आठवे, तिचा आंबटपणा जिभेवर येई, पण बोरीशेजारचं घर कोणाचं, ते काही केल्या आठवत नसे.

बापूजींचा मुलगा सलील त्यांना कायमचं नागपूरला न्यायला आला होता. जेवणं आटोपली की गाडी निघणार होती. त्याआधी नकाशा उघडायला हवा होता. बापूजी बोट दाखवतील तिथे घर मांडायचं आणि नाव लिहायचं. आज राहिलं तर राहिलंच.

गावाची वेबसाइट बाईंच्या भावाच्या मुलीनं, सुरभीनं बनवली होती. नकाशा मात्र दुसऱ्या कंपनीचा. तो आपल्या वेबसाइटवर दिसायचा तर त्या कंपनीकडून 'एपीआय की' घ्यावी लागते, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. खातं बाईंच्या नावावर, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं. काल पुसदला घरी बसून, सुरभीला फोनवर विचारत विचारत, त्यांनी ती की स्वतः काढली होती. जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, पण स्वतःच्या हातानं नकाशा उघडायची ही पहिलीच वेळ. आनंदानं रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सुरभीनं बटण दाबलं. चादरीवर नुसता करडा चौकोन आला.

"हेच का गाव?" मागून कोणीतरी विचारलं. "राखेचं दिसून राह्यलं."

"थांबा जरासे," सुरभी म्हणाली. तिनं की पुन्हा तपासली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मग खालचा तांबडा मजकूर वाचून ती वळली. "आत्या, ही की आपल्या वेबसाइटले परवानगी देऊन नाही राह्यली."

"काहून? की कुठं चालवायची, त्या रकान्यात मी तर पत्ता लिहिला. तूच म्हटलं होतं, नाही लिहिला तर कोणीही आपली की उचलून वापरंल."

"मग कोणता पत्ता लिहिला?"

"आपल्या गावाचा."

"म्हणजे?"

विजयमालाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं स्वतःच्या बापाचं नाव विचारलं होतं. "चिखलमोहा. दुसरं कोणतं गाव हाय व आपलं?"

बापूजी खुर्चीतल्या खुर्चीत हलून हसले. "बरोबर लिवलं पोरीनं."

"बापूजी, बरोबर कुठचं? वेबसाइट आनंदनगरच्या नावावर हाय."

बाईंची कानशिलं तापली. पण चूक हातानं केली होती, आणि हाताला वळणच तसं होतं. नव्या वस्तीत त्यांच्या लोकांची किती लग्नं झाली, पण पत्रिकेत आधी 'मु. चिखलमोहा' आणि त्याच्यापुढे 'ह.मु. आनंदनगर'. हल्ली मुक्काम. पन्नास वर्षं झाली तरी मुक्काम हल्लीचाच.

"सरक," त्या म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला, चष्मा वर सारला आणि चिखलमोह्याच्या ओळीखाली आनंदनगरचा पत्ता एकेक अक्षर बोलत लिहिला.

"वरची ओळ खोड ना आत्या. तशी वेबसाइटच नाही."

"ती मी कायले काढू? पत्रिकेत दोन्ही असतात." त्यांनी सेव्ह केलं.

"आता थोडा दम धरा. लगेच लागू होत नाही."

तेवढ्यात सलील दारात आला. "बापूजी, वरण-भात घेता का? मग निघू. अंधाराच्या आत बुटीबोरी गाठली पाहिजे."

"अंधाराले कायले भेता? गाडीचे लाइट काय पूजेले ठेवले?" बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष चादरीवरून हलत नव्हतं. सुरभीनं पुन्हा दाबलं. करडा चौकोन. सलीलनं घड्याळ पाहिलं. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सुरभीनं आणखी एकदा दाबलं.

चादर हिरवी-निळी झाली.

समाजमंदिर एका दमात उठून उभं राहिलं. मग सुरभीनं उपग्रहाचं चित्र लावलं. ते उन्हाळ्यातलं होतं. पाणी हटलं होतं, आणि काठच्या भुऱ्या गाळात एक चौकोनी रेघ उमटली होती.

"मारुतीचा पार," बापूजी हळूच म्हणाले. "मले उठवा गा."

दोघांनी धरून त्यांना चादरीजवळ नेलं. त्यांच्या बोटाची सावली गाळावर पडली आणि पारामागे सरकली. "इथं बोर होती. तिच्या बाजूले वामनराव."

वामनरावांचं घर. विजयमालाबाईंना एकदम दार दिसलं, दाराआडची काठी दिसली, बोरं चोरताना ऐकलेली ती हाक ऐकू आली. त्यांनी घर मांडलं, नाव लिहिलं. "पुढं, बापूजी."

"पुढं जमनीचं घर. मंग गल्ली वयते."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बापूजींनी मान वळवली नाही.

"त्याले सांग," ते म्हणाले, "बापूजी गावाले गेले म्हणा."